विमान धुण्याआधी छिद्रे मोजावीत

प्रश्न : मी अकरा वर्षांपासून टेक्सासमध्ये राहतो. गेल्या वर्षी खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला आणि एका मित्राबरोबर निम्म्या भागीत १९७८ सालचे सेस्ना १७२ हे चार आसनांचे विमान घेतले. हँगर परवडत नसल्यामुळे विमान उघड्यावर बांधलेले असते. पंखांच्या पुढच्या कडांवर किडे चिकटतात, पोटावर करडे-काळे ओघळ आले आहेत आणि धूळ तर सगळीकडे आहे. मोटार धुऊन तिला मेण लावतो, तसेच विमानाचे करायला हरकत आहे का? मित्राने त्यासाठी प्रेशर वॉशर आणून ठेवला आहे, पण मला धीर होत नाही. – एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : आपल्याला धीर होत नाही, हे ठीकच आहे. मित्राचा प्रेशर वॉशर घराच्या अंगणासाठी ठेवावा; विमानासाठी बादली, मऊ स्पंज आणि साध्या नळाच्या दाबाने येणारे पाणी पुरेसे आहे. जोराच्या फवाऱ्याने चाकांच्या बेअरिंगमधले ग्रीस निघून जाते, पत्र्याच्या सांध्यांत पाणी शिरून तिथेच राहते आणि आतून गंज धरू लागतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मोटारीला आपला वेग चाकांवरून कळतो, तर विमानाला तो बाहेरच्या हवेच्या दाबावरून काढावा लागतो, आणि तो दाब आत येतो तो बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशा छिद्रांतून. विमान धुताना ओरखड्यांची भीती सगळ्यांना वाटते, छिद्रांची फारशी कोणाला वाटत नाही. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

आपल्या विमानात अशी मुख्य ठिकाणे चार आहेत आणि चारही डाव्या बाजूलाच आहेत. डाव्या पंखाखाली पुढे तोंड करून असलेली, समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी पिटो नळी, धडाच्या डाव्या अंगाला इंजिनाच्या मागे असलेले स्टॅटिक पोर्ट (भोवतालच्या हवेचा दाब घेणारे छिद्र), डाव्या पंखाच्या पुढच्या कडेतले स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याची, सूचना देणाऱ्या भोंग्याचे छिद्र, आणि पंखाच्या तिरक्या खांबाजवळ इंधनाच्या टाकीत हवा घेणारी नळी. वेग दाखवणारे यंत्र पिटो आणि स्टॅटिक या दोन दाबांतला फरक मोजते; उंची दाखवणारे यंत्र एकट्या स्टॅटिकवर चालते. ते पोर्ट बुजले तर विमान कितीही वर गेले तरी काटा धावपट्टीच्याच उंचीवर राहतो. हवेची नळी बुजली तर टाकीत पोकळी निर्माण होऊन इंजिनाला पेट्रोल मिळेनासे होते.

ही भीती कल्पनेतली नाही. २ ऑक्टोबर १९९६ रोजी मध्यरात्रीनंतर एरोपेरू कंपनीचे बोइंग ७५७ लिमाहून सँटियागोला निघाले. त्याआधी विमानाची सफाई करताना कामगारांनी स्टॅटिक पोर्टवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या आणि त्या काढायच्या राहून गेल्या. खाली काळोखा समुद्र, आणि उंची व वेग सांगणारी यंत्रे एकमेकांशी न जुळणारे आकडे दाखवत होती. अशा स्थितीत विमान पाण्यावर आदळले आणि त्यातले सर्व ७० जण गेले. दुसरी घटना फ्रान्समधल्या पर्पिन्याँजवळची आहे. तिथे रंगकामासाठी आणलेले एअरबस ए३२० हे विमान उड्डाणाच्या तीन दिवस आधी पाण्याने धुतले गेले, पण पंखांचा हवेशी होणारा कोन मोजणाऱ्या संवेदकांवर आवरणे घातलेली नव्हती. आत शिरलेले पाणी उंचावर गोठले आणि तीनपैकी दोन संवेदक जागच्या जागी अडकले. २७ नोव्हेंबर २००८ रोजी वैमानिकांनी कमी उंचीवर मुद्दाम वेग उतरवून पाहिला, तेव्हा स्टॉलपासून वाचवणाऱ्या ज्या यंत्रणेवर त्यांची भिस्त होती ती कामास आली नाही. विमानातले सातही जण मरण पावले. पहिल्या अपघातात झाकण काढायचे राहिले, दुसऱ्यात झाकण घातलेच नव्हते. आपले विमान लहान असले तरी या दोन्ही चुका त्याच्या बाबतीत तितक्याच सहज होऊ शकतात.

म्हणून पाण्याला हात लावण्यापूर्वी एका कागदावर झाकलेल्या प्रत्येक ठिकाणाचे नाव लिहावे आणि तो कागद वैमानिकाच्या समोरच्या सुकाणूच्या चाकाला बांधून ठेवावा. पिटो नळीला तिचे बेतलेले, लाल फीत असलेले आवरण घालावे. बाकीच्या छिद्रांवर भडक रंगाची, डिंक मागे न ठेवणारी चिकटपट्टी लावून तिच्यात हातभर लांबीची फीत अडकवावी. पांढऱ्या विमानावर पांढरी पट्टी लावणे म्हणजे विसरण्याची सोय करून ठेवणे होय. ज्याने झाकणे लावली त्यानेच ती काढावीत आणि दुसऱ्याने कागद हातात घेऊन मोजावीत. आपण दोघे भागीदार आहात, हे इथे सोयीचे आहे. पिटोत पाणी गेल्याची शंका आली तर तोंडाने किंवा पंपाने त्यात फुंकू मात्र नये, कारण आतली यंत्रे तेवढ्या दाबासाठी नसतात. ते काम मेकॅनिककडेच द्यावे.

यानंतर एक गोष्ट, जी धुण्याच्या उत्साहात बहुतेकांकडून राहते. घाण पुसण्याआधी ती नीट पाहावी आणि तिचे फोटो काढावेत. पंखाखाली निळसर डाग असेल तर ते शंभर एलएल (लहान विमानांचे निळे पेट्रोल) आहे, म्हणजे कुठेतरी झिरपते आहे. चाकांजवळ किंवा पुढच्या पायाजवळ लालसर ओल दिसली तर ते हायड्रॉलिक तेल आहे. एखाद्या रिव्हेटच्या मागे वाऱ्याच्या दिशेने काळी बारीक शेपटी उमटली असेल तर ती धूळ नसून सैल झालेल्या रिव्हेटच्या घासण्यातून निघालेली ॲल्युमिनियमची भुकटी असते. आपण ती साबणाने पुसून टाकली, की मेकॅनिकला सांगायला काही उरत नाही. मी उमेदवारी करत असताना एका विमानाचे पोट इतके निष्ठेने चकचकीत ठेवले जात असे, की तेलाची गळती सुरू होऊन कित्येक आठवडे ती कोणाच्या लक्षातच आली नव्हती.

आता प्रत्यक्ष धुणे. विमान सावलीत किंवा सकाळच्या वेळी, पत्रा थंड असताना धुवावे. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. जागा विमानतळाच्या व्यवस्थापनाला विचारून घ्यावी. पुष्कळ ठिकाणी धुण्यासाठी वेगळा ओटा असतो आणि तिथले पाणी तेल वेगळे करणाऱ्या टाकीत जाते. ते पावसाच्या गटारात सोडलेले चालत नाही. हा केवळ नियमाचा भाग नाही. शंभर एलएल पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते आणि पोटावरच्या करड्या थरात त्याचेच अवशेष असतात. हातमोजे घालावेत, आणि त्या कामाची फडकी घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. पोट मी नेहमी आधी उरकतो; जमिनीवर पाठीवर पडून करायचे हे काम शेवटी ठेवले की ते अर्धेच होते.

साबण सौम्य असावा. ॲल्युमिनियमला तीव्र अल्कली मानवत नाही, त्यामुळे ओव्हन किंवा फरशी साफ करण्याची जहाल द्रावणे आणि ब्लीच वर्ज्य समजावे. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग स्पंज लावावा, आणि साबण पत्र्यावर सुकू देऊ नये. किडे वाळून घट्ट झाले असतील तर ओले फडके दहा मिनिटे त्यावर टाकून ठेवावे, नखाने किंवा तारेच्या घासणीने खरडू नये. पोलादी घासणीचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच गंजाला सुरुवात होते. ब्रेकवर थेट पाणी मारू नये, आणि शेपटीच्या आडव्या पंखावर भार टाकून कधीही रेलू नये.

प्रोपेलरचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे. इंजिनाच्या ठिणगीसाठी लागणारी वीज मॅग्नेटो स्वतः तयार करतो, त्याला बॅटरीची गरज नसते. त्याला बंद करणारी तार तुटलेली असेल तर किल्ली बंद असूनही, पाते हाताने थोडे फिरवताच इंजिन सुरू होऊ शकते. किल्ली काढून खिशात ठेवावी, मिक्स्चरचा (पेट्रोल-हवेचे प्रमाण ठरवणारा) दट्ट्या पूर्ण बाहेर ओढावा, आणि तरीही प्रोपेलर जिवंत आहे असे समजून त्याच्या फेऱ्याबाहेर उभे राहून, त्याला न फिरवता पुसावे. पात्यावरचे गवताचे आणि किड्यांचे डाग तेलाच्या फडक्याने निघतात.

मेणाविषयी माझे मत थोडे थंड आहे. रंग सुस्थितीत असेल तर चकाकीसाठी मेणाची गरज नसते. उघड्यावर राहणाऱ्या विमानाला मात्र वर्षातून एक-दोनदा मोटारीचे चांगल्या प्रतीचे मेण लावल्याने फायदा होतो. पंख आणि शेपटीच्या पुढच्या कडा, इंजिनाचे नाक आणि प्रोपेलरची टोपी येथे थर जरा जाड द्यावा, कारण वाळू आणि किड्यांचा मारा तिथेच बसतो. विमान नुकतेच रंगवले असेल तर रंग पुरा पक्का होईपर्यंत मेण लावू नये. तो काळ रंगाऱ्याकडून विचारून घ्यावा. विजेवर फिरणारे पॉलिश यंत्र मी रिव्हेटच्या रांगांवर कधीही चालवू देत नाही, कारण तिथला पत्रा बहुधा मिलिमीटरभरही जाड नसतो आणि रिव्हेटच्या डोक्यांवरचा रंग सगळ्यात आधी जातो. पंखांच्या आणि हलणाऱ्या पृष्ठांच्या तळाशी पाणी निचरण्याची बारीक छिद्रे असतात, ती मेणाने बुजली तर साठलेले पाणी आतून गंज लावते. लाकडी काडीने ती मोकळी करावीत. बिजागऱ्या, ब्रेकच्या चकत्या आणि स्टॅटिक पोर्टच्या भोवतालचा भाग यांवर मेण जाऊ देऊ नये. चढण्यासाठी पायऱ्या असतील तर त्यांवरही नको. पुढच्या वेळी पेट्रोल भरताना आपणच घसराल.

साबणाबरोबर बिजागऱ्यांचे वंगणही जाते, ते परत द्यावे लागते. अमेरिकेत मुख्य भाग सुटे न करता करायचे वंगण परवानाधारक मालक-वैमानिकाला स्वतः करता येते, पण त्याची नोंद विमानाच्या वहीत करणे आवश्यक आहे. विमान काही तास उभे राहू द्यावे आणि मग दोन्ही पंखांखालच्या व इंजिनाखालच्या निचऱ्यातून पेट्रोल काढून पाहावे. टाकीच्या झाकणाचे रबर जुने झाले असेल तर धुण्याचे पाणी आत उतरते, आणि पाणी जड असल्यामुळे ते तळाशी दिसते. पहिल्यांदा विमान हलवताना ओले ब्रेक दोन-तीनदा दाबून सुकवावेत, आणि झाकणांचा तो कागद सुकाणूच्या चाकावरून सोडण्यापूर्वी पुन्हा एकदा विमानाभोवती चक्कर मारावी.

प्रश्न : माझा मुलगा बारामतीला वैमानिक प्रशिक्षण घेतो. सकाळी उड्डाणाआधी विमानाची पुढची काच पुसण्याचे काम विद्यार्थ्यांकडे असते. घरी आम्ही काचा ओल्या वर्तमानपत्राने लख्ख करतो. ती युक्ती तिथे चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : चालणार नाही. लहान विमानांच्या पुढे जी असते ती काच नसून ॲक्रिलिक प्लास्टिक असते, आणि ते कागदानेसुद्धा ओरखडते. घरातले निळे काच-क्लिनर, स्पिरिट, ॲसिटोन आणि पेट्रोल यांपैकी काहीही त्यावर वापरू नये; अमोनिया किंवा अशा द्रावकांमुळे प्लास्टिकमध्ये केसांसारख्या भेगांचे जाळे पडते आणि ते पुन्हा निघत नाही. त्याने अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे, आधी भरपूर पाणी ओतून नुसत्या तळहाताने धूळ सोडवावी, कारण तळहाताला खडा लागला की लगेच कळतो, फडक्याला कळत नाही. मग सौम्य साबणाचे पाणी लावून स्वच्छ, मऊ सुती फडक्याने वरून खाली सरळ पुसावे. गोल-गोल घासल्याने पडणारी वर्तुळे एरवी दिसत नाहीत, पण उगवत्या सूर्याकडे तोंड करून उतरताना नेमकी तीच डोळ्यांवर चमकतात. कोरड्या फडक्याने घासत राहिले तर प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि धावपट्टीवरची धूळ पुन्हा तिथेच येऊन बसते. फडके त्याने स्वतःचे वेगळे ठेवावे. हँगरमधले कोणतेही फडके आधी कशाला पुसले होते, हे कोणीच सांगू शकत नाही.