पुराचं पाणी पाइपलाइनने दुष्काळी भागात का नेत नाहीत? तेल तर हजारो किलोमीटर नेतात!

तेलाचं उदाहरण तुमच्यासारखंच पुष्कळांना सुचतं, म्हणून आधी त्याचाच हिशोब करू. तीन लाख टन तेल वाहणारं जहाज पाण्याने भरलं, माणशी रोज १०० लिटर धरले, तर एक कोटी वस्तीच्या शहराला ते पाणी सव्वासात तास पुरेल. तेल महाग असतं म्हणून त्याची वाहतूक परवडते. पाणी लागतं अफाट, आणि एक घनमीटर म्हणजे एक टन वजन.

शिवाय पूर चार-आठ दिवसांचा असतो. त्या लोंढ्याच्या मापाने कालवा खोदला तर उरलेलं वर्ष तो रिकामा राहणार. म्हणजे पूर आधी धरणात अडवायला हवा, आणि खरी किंमत तिथे मोजावी लागते. चीनने दानजियांगकोउ जलाशयातून बीजिंगला पाणी नेलं (डिसेंबर २०१४ पासून), तेही बहुतेक उताराने, पंपांशिवाय. अभियांत्रिकी म्हणून मला हे काम थक्क करतं. पण त्यासाठी धरणाचा माथा समुद्रसपाटीपासून १६२ मीटरवरून १७६.६ मीटरवर नेला आणि तीन लाखांहून जास्त माणसांना घरदार सोडावं लागलं. हा आकडा मला नुसता वाचून पुढे जाता येत नाही.

उतार नसेल तर वीज. पाणी १०० मीटर चढवायला घनमीटरमागे साधारण एक तृतीयांश युनिट लागतं. कॅलिफोर्नियातलं एडमन्स्टन पंपिंग स्टेशन ते ५८७ मीटर उचलतं, म्हणजे दोन युनिटच्या आसपास. समुद्राचं पाणी गोडं करायला आज तीन ते चार युनिट लागतात. त्यामुळे किनाऱ्यावरच्या शहराने लांबच्या नदीकडे बघण्याआधी हा पर्याय तपासावा. समुद्रापासून दूर, उंचावर असाल तर गोडं करण्याचा खर्च आणि वर चढवण्याचाही. तिथे मी सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याच्या बाजूने आहे, कारण ते पाणी शहरात आलेलंच असतं. नामिबियाची राजधानी विंडहुक १९६८ पासून असं पाणी पिते आहे.

हे सगळं पिण्याच्या पाण्यापुरतं झालं. शेतीचं गणित फार वेगळं आहे. एका हेक्टरला १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १,००० घनमीटर. एडमन्स्टनइतकं चढवून आणलं तर एकाच पाळीला दोन हजार युनिट वीज जाईल.