नववीच्या वर्गाला इंग्रजी बोलतं करायचं तर

मॅडम, सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत रुजू होताय, म्हणजे घरी तेलुगू बोलणारी बरीच मुलं समोर असतील, काही कन्नडही. धडा वाचून नुसता मराठीत अर्थ सांगत गेलात तर त्यांची दुहेरी ओढाताण होते. त्यापेक्षा वस्तूच हातात द्या. टॉवेल-चादरीच्या पाकिटावरचं लेबल आणायला सांगा: साइज, कलर, 'वॉश सेपरेटली'. घरातलंच असल्यानं मागच्या बाकावरचा मुलगाही वाचतो. मग जोडीजोडीनं गिऱ्हाईक आणि दुकानदार. 'हाऊ मच इज धिस?' फळ्यावर लिहा, दोनदा सगळ्यांकडून म्हणवून घ्या आणि पुसून टाका. पुसायचंच, नाहीतर मुलं बोलत नाहीत, फळा वाचतात. जोड्या बाकावरच्या बाकावर लावा; उठवाउठवीत तास जातो.

प्रश्न विचारलात की मनात पाचपर्यंत मोजा, लगेच हुशार मुलीकडे वळू नका. बोलताना मध्येच चूक काढू नका. वहीत टिपा, शेवटी दोनच घ्या.

दहावीला इंग्रजीत लेखी 80 आणि तोंडी 20 गुण असतात. तोंडीचा सराव नववीपासूनच हवा. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, पाहून मुलं आली की तिथल्या पाळण्याविषयी दोन-दोन मिनिटं बोलायला लावा. त्या दिवशी गप्प राहणारी मुलंही हात वर करतात.