मॉर्मन (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबं हातगाड्या ओढत युटाला का गेली? बैलगाड्या नव्हत्या का?

होत्या की, बहुतेक लोक बैलगाड्यांनीच गेले, पण 1856 ते 1860 मध्ये साधारण 3,000 जण हातगाड्या घेऊन निघाले कारण बैलजोडी परवडत नव्हती. इंग्लंड, डेन्मार्ककडून आलेली गरीब कुटुंबं, त्यात 1855 ला युटात टोळांनी पिकं खाल्ली आणि चर्चच्या मदतनिधीत खडखडाट, म्हणून पंथाचा प्रमुख ब्रिगम यंगने हा स्वस्तातला मार्ग काढला. बहुतेकांना आयोवा सिटीपर्यंत रेल्वे, पुढे सॉल्ट लेक सिटीपर्यंत जवळपास 2,000 किमी पायी. मोठ्या माणसाला सामान फक्त 17 पौंड म्हणजे पावणेआठ किलो, त्यातच कपडे, पांघरूण, भांडीकुंडी सगळं, काय ठेवायचं काय टाकायचं हे ठरवताना त्या बायकांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल विचार करा. गाड्या घाईत ओल्या लाकडाच्या केलेल्या, कोरड्या हवेत लाकूड आकसून चाकं खिळखिळी व्हायची.

1856 च्या, हातगाडीवाल्यांच्या विली आणि मार्टिन या तुकड्या उशिरा निघाल्या आणि ऑक्टोबरात वायोमिंगच्या बर्फात अडकल्या, 200 हून जास्त माणसं गेली. सॉल्ट लेकहून पीठ आणि पांघरुणं घेऊन गाड्या आल्या म्हणून बाकीचे वाचले. बाकीच्या 8 तुकड्या मात्र बऱ्यापैकी सुखरूप पोचल्या, हे सहसा कोणी सांगत नाही.