‘डॉक्टर कधी येणार?’

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळचा विषय : कृष्णवर्णीय स्त्री-डॉक्टर.

प्रश्न : माझी मुलगी मुंबईत एमबीबीएस करून अमेरिकेत मेडिसिनची रेसिडेन्सी (रुग्णालयातलं पदव्युत्तर प्रशिक्षण) करते आहे. तिची सीनियर कृष्णवर्णीय आहे. तिनं पेशंटला नीट तपासून झालं तरी पेशंट विचारतो, ‘डॉक्टर कधी येणार?’ कुणी तिला जेवणाचं ताट उचलायला सांगतं. परवा एक जण ‘ही नको, दुसरा डॉक्टर द्या’ म्हणून अडून बसला. मुलगी पहिल्याच वर्षाला आहे. तिनं मधे बोलावं का?
— एक आई, दादर

उत्तर : बोलावं, आणि तिथल्या तिथे बोलावं. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय १३-१४ टक्के आहेत. डॉक्टरांमध्ये मात्र २०२२ च्या आकडेवारीनुसार ६ टक्क्यांहूनही कमी. त्यातल्या स्त्रिया तर एकूण डॉक्टरांच्या ३ टक्केही भरत नाहीत. अनेक पेशंटांनी अशी डॉक्टर कधी पाहिलेलीच नसते. २०१६ मध्ये विमानात एक प्रवासी बेशुद्ध पडला तेव्हा डॉ. टमिका क्रॉस मदतीला पुढे झाल्या, तर कर्मचारी म्हणाली की आम्हाला खरा डॉक्टर हवा आहे. ‘मी डॉक्टर आहे’ हे अशा डॉक्टरनं स्वतः सांगितलं की ती चिडखोर ठरते. तेच शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यानं सांगितलं, की ती फक्त माहिती असते. म्हणून हे काम तुमच्या मुलीचं आहे.

खोलीत शिरतानाच तिनं ओळख करून द्यावी : ‘या डॉक्टर अमुक. आमच्या टीमच्या प्रमुख. तुमच्या उपचारांचं सगळं याच ठरवतात.’ आडनाव घ्यावं आणि आधी ‘डॉक्टर’ लावावं. पुरुषाला ‘डॉक्टर’ आणि हिला नुसती नावानं हाक, असं तिथे राऊंडवर सर्रास चालतं. ओळखपत्राखाली ठळक अक्षरांत ‘डॉक्टर’ लिहिलेली पट्टी लावता येते, पण तिच्यावर विसंबू नये. ती उलटते, गाऊनखाली जाते. पेशंट सीनियरला डावलून मुलीकडे बघत प्रश्न विचारू लागला, तर उत्तर माहीत असलं तरी देऊ नये. सीनियरकडे वळून थांबावं. त्याची नजर आपोआप तिकडे जाते.

‘ही नको’ म्हणणाऱ्याचं वेगळं. आधी त्याची प्रकृती बघायची. जीव धोक्यात असेल तर जो डॉक्टर हजर आहे तोच उपचार करणार. इमर्जन्सीत आलेल्याला तपासून स्थिर करणं तिथल्या रुग्णालयांना १९८६ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. मग तो भानावर आहे का ते पाहायचं. ताप डोक्यात गेलेला, साखर उतरलेली, स्मृतिभ्रंश झालेला माणूस बोलतो ते त्याचा निर्णय म्हणून धरत नाहीत. त्यानंतर कारण विचारायचं. अत्याचार सोसलेल्या बाईनं स्त्री-डॉक्टर मागणं आणि कातडीच्या रंगावरून डॉक्टर नाकारणं या एका मापानं मोजायच्या गोष्टी नव्हेत. शेवटी सीनियरला एकटीला गाठून विचारायचं, की तुला ही केस ठेवायची आहे की सोडायची. ती म्हणेल ते पेशंटला जाऊन सांगायचं काम मात्र विभागातल्या वरिष्ठ डॉक्टरांचं. बहुतेक ठिकाणी गाडं इथेच अडतं. गडबड नको म्हणून गुपचूप ड्यूटी बदलतात, आणि तिला न विचारता तिची केस जाते.

त्याच दिवशी लिहून ठेवावं : तारीख, वेळ, पेशंटचे शब्द जसेच्या तसे, कुणी ऐकले, कुणी काय केलं. आठवड्यानं लिहिलेल्या टिपणात ‘उद्धटपणे बोलला’ एवढंच उरतं, आणि त्यावर कुठलीही समिती काही करत नाही.

प्रश्न : आनंदीबाई जोशींच्या कॉलेजात त्या काळी कृष्णवर्णीय मुली होत्या का?
— शिक्षिका, परळ

उत्तर : होत्या. आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. रिबेका कोल तिथूनच १८६७ मध्ये, तर कॅरोलिन स्टिल अँडरसन १८७८ मध्ये बाहेर पडल्या होत्या. १८९१ मध्ये तिथून पदवी घेतलेल्या हॅली टॅनर डिलन यांनी पुढे अलाबामा राज्याच्या परवान्याची परीक्षा दिली. ती पास होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्या सगळ्यांच्या आधी, १८६४ मध्ये, बॉस्टनला रिबेका ली क्रंपलर डॉक्टर झाल्या. यादवी युद्धानंतर रिचमंडला जाऊन त्यांनी गुलामगिरीतून सुटलेल्यांवर उपचार केले. वैद्यकीय शाळांची पाहणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर मात्र कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय शाळांपैकी पाच बंद पडल्या. हॉवर्ड आणि मेहॅरी तेवढ्या तगल्या. आजच्या कमी टक्केवारीचं एक मोठं कारण तिथे आहे.

प्रश्न : आमच्याकडे केनियाहून एक सर्जन बाई वर्षभराच्या प्रशिक्षणाला येणार आहेत. तयारी काय करावी?
— ऑपरेशन थिएटरच्या (ओटी) सिस्टर, मध्य मुंबई

उत्तर : टोपीपासून सुरुवात करा. नेहमीची २१ इंची डिस्पोजेबल टोपी दाट वेण्यांवर बसत नाही. इलॅस्टिक मागून वर सरकतं आणि मानेवरचे केस उघडे पडतात. मग दोन टोप्या उलटसुलट घालाव्या लागतात आणि ऑपरेशनच्या मधेच त्या सुटतात. २४ किंवा २८ इंची मागवून ठेवा, नाहीतर कान-मान झाकणारं हूड. केसांना हात लावू नये, ‘खरे आहेत का’ विचारू नये, हे मावशींना आणि वॉर्डबॉयना आधीच सांगा. ‘काळी’, ‘हबशी’ हे शब्द त्या सर्जनबाईंना लवकरच कळतील. ते नर्सिंग स्टेशनवरच थांबवायला हवेत, आणि ते इनचार्ज सिस्टरच करू शकतात.

गेट, लिफ्ट, ओटीचा दरवाजा आणि ब्लड बँक इथे नाव व फोटो आदल्या दिवशी पोचवा. वॉचमननं अडवल्यावर चूक दुरुस्त होते, पण ती सगळ्यांसमोर होते. पहिल्या राऊंडला युनिटप्रमुखांनी स्वतः त्यांना सोबत घेऊन फिरावं.

कागदपत्रांत राष्ट्रीय वैद्यक आयोगाची तात्पुरती परवानगी हातात येईपर्यंत पेशंटला हात लावायला सांगू नका. व्हिसा १८० दिवसांहून जास्त असेल तर १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद हवी. राहायची सोय हॉस्टेलवरच बघा. फोनवर ‘हो’ म्हणणारा घरमालक माणूस पाहिल्यावर ‘सोसायटी परवानगी देत नाही’ म्हणतो, हे मुंबईत नवीन नाही. भाड्यानं घ्यायचंच झालं तर टोकन देण्याआधी प्रशासनातल्या कुणीतरी पत्र घेऊन त्यांच्यासोबत जावं, आणि घरमालकानं २४ तासांत परदेशी भाडेकरूची सरकारी नोंद (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) केली का, ते तपासावं.

वॉर्डात दुभाषा म्हणून एकच हाऊसमन (ज्युनियर डॉक्टर) ठरवून द्या. त्यानं फक्त भाषांतर करायचं, त्यांच्या वतीनं उत्तरं द्यायची नाहीत.