एमओपीखाली विकलं म्हणून कंपनी बिलिंग बंद करू शकते का?

तुमचा प्रश्न असा आहे: तालुक्याच्या गावी मिक्सर, पंखे आणि गीझरची एजन्सी. या वर्षी करार नव्याने करताना कंपनीने तीन अटी घातल्या. एमओपीच्या, म्हणजे तिने ठरवून दिलेल्या विक्रीदराच्या खाली माल विकायचा नाही, नाहीतर बिलिंग बंद, म्हणजे पुढचा माल मिळणार नाही. शेजारच्या तालुक्यातल्या दुकानांना माल द्यायचा नाही. दुसऱ्या कंपनीचा मिक्सर दुकानात ठेवायचा नाही. हे कायद्यात बसतं का आणि सही करावी का?

मी वकील आहे. वकिलीआधी सात वर्षं एका कंपनीत सेल्स ऑफिसर होतो, त्यामुळे या अटींच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. तिन्ही अटींचं उत्तर एकच नाही. दराची अट कंपनीसाठी सर्वांत जोखमीची आहे, एरियाची बहुधा टिकेल, आणि दुसरा ब्रँड न ठेवण्याची अट टिकेल की नाही हे कंपनी बाजारात किती मोठी आहे यावर ठरेल.

स्पर्धा कायदा, २००२ मधलं कलम ३ करारांचे दोन गट पाडतं. एकाच पातळीवरचे व्यापारी, म्हणजे दोन कंपन्या किंवा एकाच बाजारपेठेतले दोन डीलर, संगनमताने भाव ठरवतात तेव्हा ३(३) लागू होतं. तिथे स्पर्धेला बाध आला असं कायदा गृहीतच धरतो. कंपनी आणि वितरक यांच्यातला करार येतो ३(४) मध्ये. त्यात पाच प्रकार नावानिशी दिले आहेत: एका मालासोबत दुसरा माल गळ्यात मारणं, फक्त आमचाच माल ठेवा म्हणणं, एरिया वाटून देणं, अमक्याशी व्यवहार करू नका म्हणणं, आणि पुनर्विक्रीची किंमत बांधून देणं. पहिला प्रकार खतविक्रेत्यांना ‘लिंकिंग’ या नावाने चांगला माहीत आहे. युरिया हवा असेल तर सोबत दुसऱ्या मालाच्या अमुक बाटल्या उचलाच.

हे पाच प्रकार नुसते करारात सापडले म्हणून बेकायदा ठरत नाहीत. भारतातल्या स्पर्धेवर त्यांचा लक्षणीय विपरीत परिणाम होतो हे दाखवावं लागतं. त्यासाठी भारतीय स्पर्धा आयोग, म्हणजे हा कायदा राबवणारी संस्था, कलम १९(३) मधले निकष लावते. नव्या कंपनीला बाजारात शिरणं अवघड झालं का, असलेले स्पर्धक बाहेर फेकले गेले का, ग्राहकाला फायदा झाला की तोटा, वितरण सुधारलं का, असं दोन्ही बाजूंचं वजन होतं. म्हणून शब्दाला शब्द तीच अट एका छोट्या कंपनीच्या करारात चालून जाते आणि बाजाराचा मोठा हिस्सा हातात असलेल्या कंपनीला कोट्यवधींच्या दंडापर्यंत नेते. माझ्याकडे येणारे बहुतेक वितरक इथेच चुकतात. ते करार पुढे करून विचारतात, ‘हे कलम बेकायदा आहे ना?’ मी आधी विचारतो, ‘तुमच्या भागात शंभर मिक्सर खपले तर त्यातले या कंपनीचे किती?’

दोन खऱ्या प्रकरणांवरून हे कळेल. पहिलं मारुती सुझुकीचं. आयोगाला एक निनावी ईमेल आला. कंपनीच्या ‘वेस्ट-२’ विभागात, म्हणजे मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रात, डीलरना कंपनीने जाहीर केलेल्या ऑफरपेक्षा जास्त सूट देता येत नाही, अशी त्यात तक्रार होती. आयोगाने स्वतःहून २०१९ मध्ये प्रकरण हाती घेतलं. चौकशीत दिसलेली व्यवस्था अशी होती की कंपनी ग्राहकाचं सोंग घेतलेली माणसं शोरूममध्ये पाठवायची. जादा सूट मिळाली की त्याचा पुराव्यासह अहवाल जायचा, डीलरकडे खुलासा मागितला जायचा आणि समाधान झालं नाही तर डीलरला दंड. तो शोरूमच्या मॅनेजरपासून सेल्समनपर्यंतच्या माणसांनाही व्हायचा. हे सगळं ईमेलमध्ये नोंदलेलं होतं आणि तेच कंपनीच्या अंगावर आलं. २३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगाने २०० कोटी रुपयांचा दंड लावला. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली.

आयोगाचा यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. पुण्यातले दोन डीलर एकाच गाडीसाठी भावात झुंजतात तेव्हा ग्राहकाचे पैसे वाचतात. ती झुंज कंपनीने थांबवली की नुकसान त्या ग्राहकापाशी संपत नाही. त्या वेळी देशातल्या जवळपास निम्म्या मोटारी विकणाऱ्या या कंपनीच्या डीलरकडून भाव उतरणारच नाहीत हे एकदा ठाऊक झालं, की बाकीच्या कंपन्यांनाही आपले भाव उतरवायची निकड राहत नाही.

दुसरं प्रकरण तुमच्याच धंद्यातलं आहे. स्नॅपडीलने काफ अप्लायन्सेस या चिमणी आणि गॅस हॉब बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध तक्रार केली होती. मुद्दा एमओपीचाच होता. ऑनलाइन भाव त्याखाली गेले म्हणून कंपनीने वेबसाइटवर सावधगिरीची सूचना टाकली, त्या विक्रीवर वॉरंटी देणार नाही असं म्हटलं. २०१९ मध्ये आयोगाने हे प्रकरण बंद केलं. आपला माल कोणत्या मार्गाने विकायचा हे निवडण्याचा हक्क उत्पादकाला आहे आणि स्पर्धेला प्रत्यक्ष बाध आल्याशिवाय त्यात हात घालू नये, असा सूर होता. बाजारात चिमण्यांचे इतर ब्रँड भरपूर होते. दराचा निर्बंध त्याच जातीचा, निकाल उलटा.

तुमच्या कंपनीच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे. तुम्ही काउंटरवर मिक्सर चालवून दाखवता, चटणी वाटून दाखवता, पोऱ्याला ट्रेनिंग देता. गिऱ्हाईक सगळं बघतं आणि कोपऱ्यावरच्या, यातलं काहीच न करणाऱ्या दुकानातून दीडशे रुपये स्वस्त घेऊन जातं. असं वर्षभर चाललं तर डेमो देणं तुम्हीच बंद कराल. एरिया आणि एकाच ब्रँडच्या अटींना कायदा जी सवलत देतो ती याच कारणाने. शेजारच्या तालुक्यात दुसरा वितरक असेल आणि बाजारात बाकीचे ब्रँड जोरात असतील, तर तुमच्या मालाची तिकडची ‘घुसखोरी’ थांबवणारी अट आयोगापुढे पडेल असं मला वाटत नाही. एकाच ब्रँडच्या अटीत मात्र मुदत बघा. जिल्ह्यातले सगळे चांगले काउंटर एखाद्या मोठ्या कंपनीने दीर्घ मुदतीने बांधून ठेवले, तर नव्या कंपनीने माल ठेवायचा कुठे?

आता दराच्या अटीकडे. कायद्याच्या व्याख्येत एक खुबी आहे. विक्रेत्याने ठरवलेल्या किमतीलाच पुढे विकण्याची अट म्हणजे किंमत बांधणं, पण त्यापेक्षा कमी किमतीला विकता येईल असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर नाही. एमआरपीचा जाच नाही तो म्हणूनच. एमआरपी ही कमाल मर्यादा आहे, तिच्या खाली विकायला कुणी अडवत नाही. तुमची एमओपी किमान मर्यादा घालते. २०२३ च्या दुरुस्तीने या व्याख्येत प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे दोन्ही निर्बंध आले. करारात दराचा उल्लेखच नाही, पण एमओपी तोडणाऱ्याची स्कीम अडकते, क्रेडिट नोट, म्हणजे कंपनीकडून येणं असलेल्या रकमेची चिठ्ठी, निघत नाही, जास्त खपणारं मॉडेल त्याच्यापर्यंत पोचत नाही, हेही त्यात येऊ शकतं.

सेल्समध्ये असताना एका दिवाळीत मी कराडच्या एका वितरकाला फोन करून सांगितलं होतं की रेट तोडलात, आता दोन महिने क्लेम, म्हणजे कंपनीकडून येणं असलेली स्कीमची रक्कम, विसरा. फोनच करायचा, लिहायचं काही नाही, अशी आम्हाला वरून ताकीद होती. त्या माणसाने गिऱ्हाइकाला स्वतःच्या मार्जिनमधून सूट दिली होती. करारात त्याला बंदी करणारी एक ओळही नव्हती. पुढे कायदा शिकताना कलम २(ब) वाचलं: करार म्हणजे कोणतीही व्यवस्था किंवा समजूत, मग ती लेखी असो वा नसो. माझा तो फोनही त्यात बसत होता. तो क्लेम मी अडवायला नको होता, आणि आज वितरकांची कामं घेतो ती त्याची आठवण ठेवूनच.

म्हणून पुरावा जपा. एरिया मॅनेजरचे व्हॉट्सॲप मेसेज, अडकलेल्या क्लेमची पत्रं, बिलिंग थांबलं त्या आठवड्याच्या ऑर्डरी. ह्युंदाईवर आयोगाने २०१७ मध्ये ८७ कोटींचा दंड लावला होता, तोही सूट रोखल्याबद्दल आणि ठरावीक तेलाची सक्ती केल्याबद्दल. पुढच्या वर्षी अपील न्यायाधिकरणाने तो रद्द केला, कारण आयोगाने पुरावा स्वतः तपासून न पाहता चौकशीच्या अहवालावर भिस्त ठेवली होती.

आयोगाकडून काय मिळेल हेही नीट समजून घ्या. तो अट रद्द करू शकतो, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड लावू शकतो. तुमचं अडकलेलं डिपॉझिट किंवा थकलेले क्लेम वसूल करून देणं त्याचं काम नाही. त्यासाठी दिवाणी कोर्ट, किंवा करारात असेल तर लवाद. नुसतं एजन्सी काढून घेतल्याचं गाऱ्हाणं असेल तर खाजगी वाद म्हणून प्रकरण पहिल्याच पायरीवर बंद होतं. तक्रार घटनेपासून ३ वर्षांच्या आत करावी लागते आणि निकालाला वर्षं लागतात. नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते.

एक गोष्ट मात्र करू नका. रागाच्या भरात जिल्ह्यातले सगळे डीलर एका व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन ‘आपण सगळे याच रेटने विकू’ किंवा ‘या कंपनीचा माल कुणीच उचलायचा नाही’ असं ठरवतात. त्या क्षणी तुम्ही ३(४) मधून ३(३) मध्ये जाता, जिथे कायद्याचं गृहीतक तुमच्या विरुद्ध असतं. केमिस्टच्या संघटनांना आयोगाने दंड केले आहेत. संघटनेच्या एनओसीशिवाय कंपनीने नवा स्टॉकिस्ट नेमायचा नाही, हा त्यांचा आग्रह होता. एकत्र येऊन निवेदन द्या, पण भाव आणि बहिष्कार यावर बोलू नका.

सही करायची तर आधी कंपनीला ईमेल करा आणि दराच्या कलमाखाली एवढी ओळ घालून मागा: ‘वरील दर सुचवलेले असून वितरक त्यापेक्षा कमी दराने विकण्यास मोकळा आहे.’ ज्या कंपनीचे वकील जागे आहेत ती हे मान्य करेल, कारण त्यात तिचंही संरक्षण आहे. नाही म्हणाली, तर ते लेखी मागा. फोन आला तर त्याच दिवशी ‘आपलं आज असं बोलणं झालं’ असा ईमेल पाठवून ठेवा.