वाचकांचे प्रश्न : शाळा, वारसा आणि नागरिकत्व

प्रश्न : माझी मुलगी फिलिपिन्समधील दावाओ शहरात वैद्यकीय शिक्षण घेत आहे. तिच्या एका स्थानिक मैत्रिणीने महाविद्यालयासाठी आपल्या शालेय दिवसांवर निबंध लिहिला होता, तो मुलीने मला फोनवर वाचून दाखवला. दर सोमवारी झेंडावंदनाला म्हटलेली प्रतिज्ञा आपल्याला आजही तोंडपाठ आहे. पण देश आपला आहे म्हणजे नेमके काय, हे नववी-दहावीत वाचलेल्या, स्पॅनिश राजवटीच्या काळातले लेखक आणि तिथले राष्ट्रनायक होसे रिझाल यांच्या दोन कादंबऱ्यांमुळे आणि शाळा उघडण्याआधी वडिलांबरोबर वर्गाच्या भिंती रंगवताना उमगले, असे तिने त्यात म्हटले आहे. या कादंबऱ्या वाचणे तिकडे कायद्यानेच बंधनकारक आहे, हे खरे का? आणि सक्तीने वाचलेल्या पुस्तकातून कोणी नागरिकत्व शिकते का?
— एक पालक, सातारा

उत्तर : होय, हे खरे आहे. १२ जून १९५६ रोजी संमत झालेला प्रजासत्ताक कायदा क्रमांक १४२५ तिकडे ‘रिझाल कायदा’ म्हणून ओळखला जातो. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक शाळेत, महाविद्यालयात आणि विद्यापीठात रिझाल यांचे जीवन आणि लेखन शिकवलेच पाहिजे, विशेषतः १८८७ ची ‘नोली मे तांगेरे’ आणि १८९१ ची ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ या कादंबऱ्या, असे तो सांगतो. त्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९५८ मध्ये, त्याच्या पहिल्याच वर्षी, विनोबांना मिळाला, त्यामुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलेले आहे.

कायदा सहजासहजी झाला नाही. सिनेटर क्लारो रेक्तो यांनी तो लिहिला आणि शिक्षण समितीचे अध्यक्ष होसे लॉरेल यांनी तो लावून धरला. कॅथलिक चर्चने त्याला कडाडून विरोध केला, कारण या कादंबऱ्यांत स्पॅनिश पाद्र्यांच्या सत्तेचे निर्भीड चित्रण आहे. शेवटी तडजोड झाली : ज्या विद्यार्थ्याच्या धर्मश्रद्धेला बाधा येत असेल, त्याला शपथपत्र देऊन मूळ पुस्तक वाचण्यातून सूट मिळेल, मात्र अभ्यासक्रमातून मिळणार नाही. या कायद्यातले एक कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. पुस्तकांचे इंग्रजी, तागालोग आणि देशातील प्रमुख भाषांत अनुवाद करावेत, त्यांच्या स्वस्त आवृत्त्या काढाव्यात आणि वाचू इच्छिणाऱ्याला त्या गावपातळीवरील संस्थांमार्फत विनामूल्य द्याव्यात, असे त्यात लिहिलेले आहे. वारसा जपायचा तर तो आधी लोकांच्या हाती पडला पाहिजे, एवढे भान त्या विधिमंडळाला होते.

आता आपल्या दुसऱ्या शंकेकडे वळतो. ‘नोली’चा नायक इबारा युरोपातून परततो तेव्हा त्याच्या मनात एकच योजना असते : सान दिएगो या आपल्या गावात शाळा बांधायची. त्यापूर्वी तो गावच्या शिक्षकाला भेटतो. शाळेला इमारत नसल्याने वर्ग पाद्र्याच्या घराच्या तळमजल्यावर, त्याच्या बग्गीशेजारी भरतो. मुले मोठ्याने वाचू लागली की वरून ओरडा येतो. या शिक्षकाने छडी बाजूला ठेवून पाहिले, मुले हळूहळू धीट झाली, शिकू लागली. परंतु पाद्री दामासोने त्याला झापले, पालकांनाही छडीवाचून शिक्षण होते हे पटेना, आणि अखेर त्याने ती पुन्हा उचलली. पुढे इबाराच्या शाळेच्या पायाभरणीतच त्याच्या जिवावर घाला घातला जातो आणि नंतर बंडाचा आळ येऊन ते स्वप्न मोडते. दुसऱ्या कादंबरीत मनिलाच्या विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचा वर्ग आहे. तेथली उपकरणे काचेच्या कपाटात बंद असतात, ती बड्या पाहुण्यांना दाखवण्यासाठी. विद्यार्थ्यांनी फक्त पाठांतर करायचे. भर वर्गात अपमान झालेला प्लासिदो पेनितेंते हा विद्यार्थी प्राध्यापकांना तोंडावर उत्तर देतो आणि उठून चालता होतो.

पंधरा वर्षांची मुलगी बाकावर बसून हे वाचते तेव्हा ती आपल्याच वर्गाबद्दल वाचत असते. पाठांतराने काय होते, छडीचा आधार कोणाला हवा असतो, कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे प्रश्न तिला स्वतःला पडू लागतात. प्रतिज्ञेत ‘माझे फिलिपिन्सवर प्रेम आहे’ असे म्हटल्यावर आईवडिलांचा सल्ला ऐकण्याचे आणि शाळेचे नियम पाळण्याचे वचन येते. आपल्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरची प्रतिज्ञा म्हटलेल्या कोणालाही तो सूर ओळखीचा वाटेल. ते वचन चांगलेच आहे. परंतु नियम चुकीचा असेल तर नागरिकाने काय करावे, याचे उत्तर प्रतिज्ञेत नसते. ते शोधण्याची सवय कादंबरी लावते. म्हणून सक्तीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो पुस्तकाऐवजी त्याचा सारांश घोकून परीक्षा देण्याला, आणि हा रोग तिकडच्या वर्गांनाही जडलेला आहे. आपल्या मुलीच्या मैत्रिणीला पुस्तक खरोखर वाचायला लावणारे शिक्षक लाभले असणार.

भिंती रंगवण्याबद्दल थोडेसे. ‘ब्रिगादा एस्क्वेला’ हा उपक्रम २००३ पासून चालतो. शाळा उघडण्याआधी पालक, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि गावकरी मिळून बाके दुरुस्त करतात, गवत काढतात, रंगरंगोटी करतात. शेजाऱ्याचे बांबूचे घर सर्वांनी मिळून खांद्यावर उचलून दुसरीकडे नेऊन ठेवण्याची जुनी रीत, जिला ते ‘बायानिहान’ म्हणतात, ती या उपक्रमामागे आहे. आपल्याकडे शेतीच्या कामात सावड असते, त्याच जातीची ही गोष्ट. छताची गळती बंद करणे हे शासनाचे काम आहे आणि पालकांच्या श्रमांमुळे शासनाची त्यातून सुटका होऊ नये, हे मात्र ठामपणे म्हटले पाहिजे.

प्रश्न : माझ्या वर्गातली काही मुले घरी गोंडी बोलतात, काही तेलुगू. फिलिपिन्समध्ये तर शंभराहून अधिक भाषा आहेत असे वाचले. तेथे वारसा शिकवताना कोणाचा वारसा शिकवतात?
— एक प्राथमिक शिक्षक, किनवट

उत्तर : आपण नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. १९८७ च्या राज्यघटनेनुसार फिलिपिनो ही राष्ट्रभाषा आहे आणि तिचा पाया तागालोग, म्हणजे मनिला परिसराची भाषा, हा आहे. दावाओतली मुलगी घरी बिसाया बोलते, शाळेत इतिहास फिलिपिनोत शिकते आणि गणित-विज्ञान इंग्रजीत. तीन भाषांच्या या कसरतीची दखल घेऊन २०१३ च्या शिक्षण कायद्याने बालवाडीपासून तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याची तरतूद केली आणि एकोणीस भाषांतून वर्ग सुरू झाले. मग पुस्तके अपुरी पडली, शिक्षकांना प्रशिक्षण पुरेसे मिळाले नाही, एकाच वर्गात अनेक भाषांची मुले बसू लागली. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कायदा क्रमांक १२०२७ आणून मातृभाषेच्या माध्यमाची सक्तीच काढून घेण्यात आली. आता माध्यम पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी, स्थानिक भाषा मदतीपुरती. सर्व मुलांची भाषा एकच असलेल्या वर्गात मातृभाषेचा पर्याय तेवढा उरला आहे. अडचणी खऱ्या होत्या, पण अडचण पुस्तकांची असेल तर पुस्तके छापायला हवी होती. सहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी परक्या भाषेत बसवल्यावर पुढे कितीही देशभक्तिपर गीते शिकवली तरी शाळेविषयीचा दुरावा भरून निघत नाही, हे आपण आपल्या वर्गात रोज पाहत असाल.

इतिहासाच्या बाबतीत चित्र थोडे आशादायक आहे. दावाओ ज्या मिंदानाओ बेटावर आहे, तेथे मोरो मुस्लिमांची आणि लुमाद म्हणवणाऱ्या आदिवासी समूहांची मोठी वस्ती आहे, पण पाठ्यपुस्तकातली कथा दीर्घकाळ मनिलाभोवती फिरत राहिली. २०१६ च्या कायदा क्रमांक १०९०८ ने फिलिपिनो मुस्लिमांचा आणि आदिवासींचा इतिहास, संस्कृती आणि अस्मिता देशभरच्या अभ्यासक्रमात समाविष्ट करणे बंधनकारक केले. आपल्या जिल्ह्यापुरता इतिहास त्या त्या जिल्ह्याने शिकावा, असे त्याचे स्वरूप नाही. मनिलाच्या मुलाने मोरोंचा इतिहास शिकावा असे आहे, आणि हीच त्यातली खरी गोष्ट.

शाळेच्या इमारतींचा उल्लेखही येथे करतो. अमेरिकी राजवटीत, १९०७ च्या एका कायद्यान्वये देशभर ठरावीक आराखड्याच्या शाळा बांधल्या गेल्या. कायदा मांडणारे लोकप्रतिनिधी इसाउरो गाबाल्दोन यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. जमिनीपासून उंच जोते आणि वारा खेळता ठेवणाऱ्या मोठाल्या खिडक्या, अशी त्यांची रचना. २०१९ मध्ये त्यांच्या जतनासाठी वेगळा कायदा झाला, त्यामुळे त्या पाडता येत नाहीत आणि मन मानेल तसे त्यांत बदलही करता येत नाहीत.

प्रश्न : मार्कोस यांच्या हुकूमशाहीबद्दल तिथल्या मुलांना शाळेत शिकवतात का? आता तर त्यांचेच पुत्र राष्ट्राध्यक्ष आहेत.
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : शिकवावे असा कायदा आहे. फर्डिनंड मार्कोस यांनी १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये मनिलाच्या एड्सा महामार्गावर लाखो लोक उतरले तेव्हा त्यांना देश सोडावा लागला. २०१३ च्या कायदा क्रमांक १०३६८ ने त्या काळातील मानवी हक्कभंगाच्या बळींना भरपाई देण्याची तरतूद केली. पैसा आला तो मार्कोस यांच्या स्विस बँकांतील ठेवींतून परत मिळवलेल्या रकमेतून. अर्ज पंचाहत्तर हजारांवर आले आणि छाननीनंतर ११,१०३ जणांना बळी म्हणून मान्यता मिळाली. या काळातले अत्याचार प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंत शिकवले जावेत, हेही त्याच कायद्यात आहे.

तरीही २०२२ मध्ये मार्कोस यांचे पुत्र निवडून आले, आणि पुढच्याच वर्षी सहावीच्या समाजशास्त्राच्या नव्या अभ्यासक्रमात ‘मार्कोस हुकूमशाही’ याऐवजी नुसते ‘हुकूमशाही’ असे लिहिले गेले. त्यावर शिक्षकांनी आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी जाहीर आक्षेप घेतला. शिक्षण खात्याचे म्हणणे होते की हा बदल राजकीय दबावाखाली झालेला नाही आणि त्या काळाचे शिक्षण चालूच राहील. मला ते म्हणणे पुरेसे वाटत नाही. ज्या मुलांना १८९६ मध्ये रिझाल यांना गोळ्या घालणाऱ्या सत्तेचे नाव ठळकपणे सांगितले जाते, त्यांच्यापासून १९७२ च्या सत्तेचे नाव झाकण्याचे काही कारण नाही. अभ्यासक्रमातला शब्द बदलला तरी २०१३ चा कायदा अस्तित्वात आहे, आणि ज्या शिक्षकाला नावानिशी शिकवायचे आहे, त्याला त्याचा आधार घेता येतो.