एनसीसीत नाव घातलंस? मग हे वाच

छान केलंस! पहिली गोष्ट, परेड बुडवू नकोस. शाळेतल्या कॅडेटना मिळणाऱ्या ‘ए’ सर्टिफिकेटच्या परीक्षेला दोन वर्षांचं प्रशिक्षण, ७५ टक्के हजेरी आणि एक कॅम्प लागतो. नागपूरच्या उन्हात उपाशीपोटी उभं राहू नकोस. घरून खाऊन निघ, पाण्याची बाटली भरून ने.

ड्रिलचं टेन्शन नको, सरावाने पाय जुळतात. खरं शिक्षण सेक्शन, म्हणजे कॅडेटांची छोटी तुकडी, सांभाळायला मिळाल्यावर सुरू होतं. रँक लागली की काही जण नुसते ओरडत सुटतात, मला ते मुळीच पटत नाही. ‘दाहिने मुड’ म्हटलं की डावीकडे वळणाऱ्या पोराला बाजूला नेऊन शांतपणे शिकवणारा कॅडेट मला खरा लीडर वाटतो. स्वच्छता मोहिमेला, रक्तदानाच्या रॅलीलाही मनापासून जा, फोटोपुरतं नको.

अडलं तर थेट एएनओ सरांना, म्हणजे शाळेत एनसीसी सांभाळणाऱ्या शिक्षकांना, विचार. देशभरातले शिक्षक या कामाचं प्रशिक्षण घ्यायला आपल्या कामठीच्या अकादमीत येतात, म्हणजे त्यांनीही परेड केलेली असते.

आणि हो, नवे बूट कॅम्पच्या आधी आठवडाभर घरात घालून फिर. फोड आले तर पहिले दोन दिवस वाया जातात.